ब्रीडिंग आणि कुत्र्याचा स्वभाव

पिल्लं घ्यायची म्हणून नर-मादी निवडताना रंग, उंची, डोक्याची ठेवण याच्या आधी त्यांचा स्वभाव बघायचा, आणि भित्रं किंवा उगाच अंगावर धावून जाणारं कुत्रं कितीही देखणं असलं तरी त्याचं मेटिंग करायचं नाही, हा जबाबदार ब्रीडिंगचा पाया. स्वभाव म्हणजे शिस्त नव्हे. बस म्हटलं की बसणं हे ट्रेनिंग झालं. जिन्यात भांडं पडल्यावर कुत्रं किती दचकतं, त्यातून किती वेळात सावरतं, अनोळखी माणूस दारात आला की पुढे येऊन वास घेतं का सोफ्यामागे जातं, हा स्वभाव.

खाण तशी माती हे इथे बरंचसं खरं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्कान्सॉमध्ये पॉइंटर या शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या दोन लाइन (वंश) मुद्दाम वेगळ्या वाढवल्या होत्या, एक नॉर्मल आणि एक भित्री, आणि भित्र्या लाइनची कुत्री माणूस जवळ आला की जागच्या जागी थिजायची. पण म्हणून नुसत्या जातीच्या नावावरही जाऊ नये. २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात १८ हजारांवर कुत्र्यांची माहिती घेतली होती, त्यात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे दिसला. तेव्हा 'लॅब (लॅब्रॅडॉर) आहे, गरीबच असणार' याला काही अर्थ नाही, ही लॅब कुणाची, तिची आई कशी आहे ते विचारा.

आईचा वाटा दुहेरी असतो, रक्तातून येतो तो एक आणि पिल्लं तिचं बघून शिकतात तो दुसरा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं, आणि त्यातले पहिले आठवडे ते आईजवळच असतं. सिंहगड रोडला एका घरी मी पिल्लं बघायला गेले होते, गुबगुबीत सहा पिल्लं, आणि आई वॉशिंग मशीनच्या मागे, शेपूट पोटाशी, हाक मारली तर मान फिरवून जीभ ओठांवरून फिरवत राहिली. 'ती जरा लाजाळू आहे' असं सांगण्यात आलं. ते लाजणं नव्हतं, भीती होती. चावणारी बरीचशी कुत्री घाबरलेली असतात, पळायला जागा उरली नाही की दात लावतात.

पुण्यात तर हे जास्तच जाणवतं कारण इथलं कुत्रं फ्लॅटमध्ये राहतं, दिवसातून चारदा लिफ्टमध्ये अनोळखी माणसांना खेटून उभं राहतं, गणपतीच्या आधी कित्येक दिवस नदीकाठी ढोल-ताशाची प्रॅक्टिस ऐकतं, मग विसर्जन, मग दिवाळीचे फटाके. आवाजाची भीतीसुद्धा काही अंशी आनुवंशिक असते. जर्मनीत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन शेफर्डच्या क्लबकडे ब्रीडिंगआधी कुत्रं गोळीच्या आवाजाला डगमगत नाही ना हे तपासतात. आपल्याकडे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर असले की काम झालं असं समजतात, पण पेपरवर आईबापांची नावं असतात, ती फटाक्यांत काय करतात हे नसतं.

२०१७ च्या केंद्राच्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय मेटिंग करता येत नाही, बारा महिन्यांत एकच वेत, जन्मभरात जास्तीत जास्त पाच, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाची अट तब्येतीसाठी तर आहेच पण स्वभावासाठीही फार मोलाची आहे, कारण आठ-नऊ महिन्यांच्या मादीचं पहिल्या हीटला (माजाला) मेटिंग केलं तर ती मोठेपणी कशी निघणार हे कुणालाच माहीत नसतं. आठ आठवड्यांचंही तसंच, भावंडांशी खेळतानाच पिल्लू शिकतं की जोरात चावलं की समोरचा किंचाळतो आणि खेळ थांबतो.

सातव्या आठवड्यात पिल्लांच्या स्वभावाच्या टेस्ट घेतात, पण त्यावरून मोठेपणीचं फारसं सांगता येत नाही. त्यापेक्षा त्याच जोडीच्या आधीच्या वेतातलं तीन-चार वर्षांचं एखादं कुत्रं जाऊन बघावं. आणि एखादं कुत्रं अलीकडेच चिडकं झालं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, कंबरेचं दुखणंही निघू शकतं.

ब्रीडिंगमधून बाहेर काढलेलं कुत्रं वाया जात नाही. सिंहगड रोडच्या त्या मादीचं पुढे पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं, आता ती एका आजींकडे असते. ढोल सुरू झाले की अजूनही बाथरूममध्ये जाऊन बसते, आणि आजी दार उघडं ठेवून उंबऱ्याशी पाट टाकून बसतात.