आरव्ही साइट म्हणजे हुकअप साइट नव्हे: लेक टाहोला जाण्यापूर्वी

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहो या तळ्याकाठी उन्हाळ्यात आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन राहायचं ठरलं, की बुकिंग करताना ‘आरव्ही साइट’ असं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. गाडी उभी करता येते, म्हणजे वीज-पाणी असणारच, असं धरून चालतो. प्रत्यक्षात आरव्ही साइटचा अर्थ एवढाच, की अमुक फूट लांबीची गाडी त्या जागेत मावते. हुकअप साइट निराळी. तिथे गाडीला वीज, पिण्याचं पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडता येते. तिन्ही असतील तर फुल हुकअप, एक-दोनच असतील तर पार्शल. काहीच नसेल तर ते ड्राय कॅम्पिंग, मग गाडी कितीही आलिशान असो.

टाहोला हा फरक जास्त जाणवतो, कारण तळ्याला लागून झाडीत असलेली सरकारी कॅम्पग्राउंड्स जवळजवळ सगळी हुकअपशिवायची आहेत. साउथ लेक टाहो गावाजवळचं वनखात्याचं फॉलन लीफ, नेवाडाच्या बाजूचं नेवाडा बीच, पश्चिम काठावरचं शुगर पाइन पॉइंट स्टेट पार्क, कुठेही जोडणी मिळत नाही. फुल हुकअप हवं असेल तर झेफर कोव्ह किंवा टाहो व्हॅली यांसारख्या आरव्ही पार्कात जावं लागतं. तिथे गाड्या जवळजवळ लागतात, झाडी आणि एकांत कमी मिळतो.

मग वीज लागते कशाला? बहुतेकांच्या डोक्यात पहिलं नाव एसीचं असतं. सॅक्रामेंटोला जुलैत पारा ३८-४० अंशांवर जातो, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून वाटेत ती भट्टी ओलांडून आलेल्या माणसाला एसीशिवाय झोप लागेल हे खरं वाटत नाही. पण टाहो समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२२५ फूट उंचीवर आहे. जुलैतसुद्धा दुपार २५-२६ अंशांची आणि पहाट ४-५ अंशांची असते. इथे एसी नव्हे, हीटर लागतो. हीटर प्रोपेन गॅसवर जळतो खरा, पण गरम हवा आत ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि तासाला साधारण ७ ते १० अँपिअर-अवर (बॅटरीतली साठवण या एककात मोजतात) खातो. रात्रभर थांबून-थांबून चालला तरी ३०-४० अँपिअर-अवर जातात. १०० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच क्षमता वापरायची असते. म्हणजे एका रात्रीत ती जवळपास संपते आणि सकाळी पाण्याचा पंपही कुरकुरतो. ड्राय कॅम्पिंगमधली विजेची खरी अडचण ही आहे, आणि जाड रजया व थर्मोस्टॅट दोन-चार अंश खाली ठेवणं हा तिच्यावरचा चांगला उपाय आहे.

जनरेटर आहेच की, असं कोणी म्हणेल. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत तो सकाळी १० ते रात्री ८ या वेळेतच चालवता येतो, म्हणजे ऐन थंडीत नाही. शिवाय विरळ हवेमुळे दर हजार फुटांमागे त्याची ताकद सुमारे साडेतीन टक्के घटते, टाहोला जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. भाड्याच्या गाडीत त्याचे पैसे बहुधा तासावर मोजतात.

स्वयंपाकाचं म्हणाल तर मायक्रोवेव्ह, मिक्सर, इन्स्टंट पॉट, इंडक्शन ही सगळी १२० व्होल्टची मंडळी. ३० अँपिअरच्या हुकअपवर ३,६०० वॉट मिळतात, तिथे एकावेळी दोन वस्तू चालतात. हुकअप नसेल तर शिट्टीचा कुकर आणि गाडीतली प्रोपेनची शेगडी. इतक्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आतच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून कुकर हवाच. चटण्या आणि वाटणं घरूनच न्यावीत.

खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि मला वाटतं निर्णय त्यावरच घ्यावा. भाड्याच्या २५ फुटी मोटरहोममध्ये पाण्याची टाकी साधारण ३० ते ४० गॅलनची असते. पाच मिनिटांचा शॉवर ८-१० गॅलन घेतो. चौघांनी घरच्यासारखी एकेकदा आंघोळ केली, की टाकी कोरडी. अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा पाणी, ही सवय लागली तर दोन-तीन दिवस निघतात. आणि टाकीतून गेलेलं पाणी नाहीसं होत नाही. बेसिन आणि शॉवरचं पाणी ग्रे टाकीत जातं, संडासाचं ब्लॅक टाकीत. पुष्कळदा ग्रे टाकीच आधी भरते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ‘भांड्यांचंच तर पाणी आहे’ म्हणून ग्रे टाकी झाडाखाली सोडू नका. टाहोच्या खोऱ्यातलं सांडपाणी, शुद्ध केलेलंसुद्धा, तळ्यात जाऊ दिलं जात नाही. साउथ लेक टाहोचं प्रक्रिया केलेलं पाणी १९६८ पासून लूथर पास या खिंडीच्या पलीकडे आल्पाइन काउंटीत पंपाने चढवून नेतात. अख्खं गाव एवढा खटाटोप करतं, कारण नायट्रोजन आणि फॉस्फरसने शेवाळं वाढतं आणि पाणी गढुळतं. त्याच १९६८ साली पाणी किती नितळ आहे हे मोजायला तळ्यात सोडतात ती पांढरी तबकडी सुमारे १०० फूट खोलवर दिसत होती, अलीकडच्या वर्षांत ती ६०-७० फुटांवरच दिसेनाशी होते. तेलकट ताटं कागदाने पुसून मगच विसळा आणि टाकी डंप स्टेशनवरच, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या ठरलेल्या जागीच, रिकामी करा.

फुल हुकअपमध्ये उलटी चूक होते. नळी जोडलेलीच आहे म्हणून ब्लॅक टाकीची झडप उघडी ठेवतात. पाणी वाहून जातं, घट्ट मळ टाकीत वाळून बसतो. झडप बंदच ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक आणि मग ग्रे सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

भारतातून आई-बाबा आलेले असतील, कोणाला रात्री झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल, किंवा लहान बाळ असेल, तर दुसरा विचार न करता फुल हुकअप घ्या. बाकीच्यांनी दोन रात्रींसाठी पाइनच्या सावलीतली ड्राय साइट घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. टाहोला येऊन शेजारच्या गाडीची भिंत कशाला बघायची? मात्र अस्वलांच्या बाबतीत दोन्हीकडे फरक नाही. आरव्हीचं पातळ दार काळ्या अस्वलाला अडवत नाही. साइटवर लोखंडी पेटी असेल तर खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं तिच्यातच ठेवा.

लांबीची मर्यादाही काळजीपूर्वक वाचा. एमराल्ड बेजवळच्या डी. एल. ब्लिस आणि ईगल पॉइंट इथे २५ फुटी गाडी बसतच नाही, आणि तिथला हायवे ८९ अरुंद, वळणांचा आणि एका बाजूला खोल उताराचा आहे. मोठी गाडी शुगर पाइन पॉइंटला न्यायची असेल तर आय-८० महामार्गाने ट्रकी गावाला येऊन टाहो सिटीमार्गे उतरा.

दोन्ही सरकारी बुकिंगं सहसा सहा महिने आधी उघडतात, वनखात्याचं पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, स्टेट पार्कचं ८ वाजता. म्हणजे १० जुलैला पोहोचायचं असेल तर १० जानेवारीला, गाडीची नेमकी लांबी हाताशी ठेवून, वेळेआधीच लॉगिन करून बसा.