शेव्हर्लेच्या पोटात दुसरंच इंजिन

हवानातल्या एखाद्या हमरस्त्याच्या कडेला माणूस उभा असतो. गाडी येताना दिसली की तो हात पुढे करून बोटांनी खूण करतो. कुठल्या बाजूला जायचंय ते त्या खुणेतच सांगितलेलं असतं. गाडीचा मार्ग तोच असेल तर ती थांबते, आतले सरकून जागा करतात आणि गाडी पुन्हा निघते. आपल्याकडच्या वडापचीच ही रीत. फरक एवढाच की तिथे जीपच्या जागी सत्तर वर्षांची शेव्हर्ले, ब्यूक नाहीतर प्लिमथ असते. क्यूबातले लोक तिला ‘आल्मेंद्रोन’ म्हणतात, म्हणजे भलामोठा बदाम, तिच्या फुगीर, गोलसर अंगामुळे. आणि ती चालवणारा ‘बोतेरो’, म्हणजे होडीवाला.

पर्यटकांना फिरवणाऱ्या गुलाबी, उघड्या टपाच्या गाड्या फोटोंतून सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या छानच दिसतात, पण मला ओढ आहे ती रोजच्या प्रवाशांना नेणाऱ्या, रंग उडालेल्या आल्मेंद्रोनची. कारण तिचं बॉनेट उघडलं की आत बहुधा शेव्हर्लेचं इंजिन नसतंच. एखाद्या जपानी, कोरियन किंवा युरोपीय व्हॅनमधलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन तिथे धडधडत असतं.

हे का झालं, ते थोडक्यात सांगतो. 1959 च्या सुरुवातीला क्यूबात क्रांती झाली. ऑक्टोबर 1960 मध्ये अमेरिकेने तिथे जाणारा बहुतेक माल रोखला आणि फेब्रुवारी 1962 मध्ये पूर्ण व्यापारबंदी लागू केली. नव्या गाड्या थांबल्या, सुटे भागही थांबले. त्यात 2011 पर्यंत क्यूबात मोकळेपणाने विकता-घेता येत होत्या त्या फक्त क्रांतीपूर्वीच्या गाड्या. म्हणजे आजोबांची गाडी हीच घरातली खरी मालमत्ता. ती भंगारात काढणं परवडणारंच नव्हतं. अशा सुमारे 60,000 गाड्या तिथे टिकून असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो.

पण नुसत्या गरजेपोटी गाडी सत्तर वर्षं चालत नाही. मुळात ती तशी बांधलेली असावी लागते, आणि 1950च्या दशकातली अमेरिकी गाडी तशी होती. खाली पोलादी चासी, म्हणजे शिडीसारखा किंवा एक्स आकाराचा दणकट सांगाडा. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, मागचा अ‍ॅक्सल असं सगळं वजन त्या सांगाड्यावर. वरची बॉडी नंतर बोल्टांनी बसवलेली. आजच्या बहुतेक मोटारींत असा वेगळा सांगाडाच नसतो. पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. ही रचना हलकी आणि चांगली असते, पण पेटीचे भार घेणारे भाग गंजले की गाडीचा कणाच मोडतो. आल्मेंद्रोनचा दरवाज्याखालचा पत्रा सडून खाली पडला तरी चासी शाबूत असेल तर गाडी धावते. पत्रा मागाहून ठोकून बसवता येतो.

दुसरी गोष्ट जागेची. त्या काळचं सहा सिलिंडरचं इंजिन एका ओळीत लांबलचक असायचं आणि त्यासाठी बॉनेटखाली ऐसपैस जागा सोडलेली असायची. तिथे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आरामात मावतं. मात्र नुसतं मावून भागत नाही. चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करून इंजिन बसवायचं, जुना गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मधे जाड प्लेट कातून दोघांची भोकं जुळवायची. मग प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब नळ. तो कापून हव्या त्या लांबीचा करतात, आणि खरा कस इथे लागतो. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणाऱ्या नळाचं एका बाजूचं वजन काही ग्रॅमने जरी जास्त झालं तरी गाडी थरथरते आणि बेअरिंग खलास होतं. कारण मध्याबाहेर ओढणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर ओढ चौपट. चांगल्या मेकॅनिकचं कसब मला इंजिनापेक्षा या नळाच्या जोडात जास्त दिसतं.

एवढा खटाटोप कशासाठी? इंधनासाठी. जुनं पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण जेमतेम सात-आठ पट दाबायचं. डिझेल इंजिन हवा वीसेक पट दाबतं. जितकं जास्त दाबावं तितका तापलेला वायू नंतर जास्त फुलतो, पिस्टनला जास्त ढकलतो आणि धुरांड्यातून कमी उष्णता वाया जाते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून येणारं स्वस्त तेल आटलं. अशा देशात दीड टनाची गाडी दिवसभर चालवणाऱ्या बोतेरोला हा फरक म्हणजे घर चालणं आणि न चालणं यातला फरक आहे.

मुंबईतही अमेरिकी गाड्यांची टॅक्सी होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाटच्या आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या होत्या, आणि त्या टॅक्सी म्हणूनही धावल्या. पुढे 1089 सीसीच्या फियाटने, म्हणजेच नंतरच्या पद्मिनीने, त्यांची जागा घेतली. तिला वेगळी चासी नव्हती, पत्र्याची पेटीच सगळा भार पेलायची. पण तिला अखेर थांबवलं ते नियमाने: मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

हवानात गाडीचा खरा वैरी समुद्र. मालेकोन हा किनाऱ्याचा रस्ता सुमारे आठ किलोमीटरचा. हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की लाटा कठडा ओलांडून थेट रस्त्यावर येतात. पाणी वाळतं, मीठ राहतं. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाझरू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तेच हे. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा खाऱ्या पाण्याने भिजलेलाच राहतो. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही विजेचीच क्रिया: एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, शेजारी पाणी आणि ऑक्सिजन ते उचलतात. मालवण-रत्नागिरीकडे खिडकीच्या गजांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको. पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरून रंग मारला की वरून सगळं गुळगुळीत दिसतं, पण ओल आत अडकली असेल तर खाली गंज चालूच राहतो.

या गाड्यांबद्दल एक समज मात्र खोडायलाच हवा. ‘जुना पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित’ असं लोक ठामपणे बोलतात. 2009 मध्ये अमेरिकेत 1959 ची शेव्हर्ले बेल एअर आणि 2009 ची शेव्हर्ले मालिबू ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवून पाहिल्या. मालिबूचं पुढचं नाक चुरगळलं, पण माणूस बसतो तो भाग शाबूत राहिला. बेल एअरमध्ये नेमका तोच भाग दबला आणि स्टीअरिंग चालकाच्या अंगावर आलं. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. नव्या गाडीत ती कुठे जिरेल हे आधीच ठरवलेलं असतं, जुन्या गाडीत तसं काही ठरवलेलंच नव्हतं. पट्टेही नव्हते. जुन्या डिझेलचा काजळीचा धूर हा दुसरा धोका. तो काचा खाली केलेल्या गाडीत परत येतो आणि तासन् तास तिथेच बसणाऱ्या बोतेरोच्या छातीत जातो. या गाड्यांवर माझं प्रेम आहे, पण हे दोन्ही धोके झाकून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही.

आल्मेंद्रोनमधून उतरताना एक विनंती हमखास कानावर येते: दार हळू लावा. कित्येक गाड्यांत तशी पाटीच असते. दोन दारांच्या गाडीचं दार चार दारांच्या गाडीपेक्षा बरंच लांब, आत भरपूर पोलाद, आणि सगळा भार दोन बिजागऱ्यांवर. वजन बिजागरीपासून जितकं लांब तितका तिच्या पिनेवर पीळ जास्त. हजारो वेळा उघडझाप होऊन पीन झिजते, दार खाली लोंबतं, कुलपाची जीभ खाचेत नीट बसत नाही. मग प्रवासी आपटतो, आणि तो दणका जातो आधीच दोनदा वेल्ड केलेल्या खांबात. रोजचा प्रवासी कसं करतो? उतरून वळतो, एका हाताने दार किंचित वर उचलतो आणि तळव्याने दाबतो. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, आणि बोतेरो गिअर टाकतो.