कळवळा (ख्रिस्ती संकल्पना व रीत, खानदेश)

कळवळा : दुसऱ्याचे दुःख त्याने तोंडाने सांगण्याआधी ओळखून त्याच्याजवळ जाण्याची ख्रिस्ती वृत्ती, आणि तिच्यातून मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, रुजलेली भेटीगाठींची रीत. येथे खानदेशातील, म्हणजे धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील, ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे. तोही मुख्यतः मुकाट्याने सोसणाऱ्या माणसांपुरता.

मराठी बायबलात मत्तय 9:36 मध्ये हा शब्द येतो. गांजलेल्या, पांगलेल्या लोकांना पाहून येशूला त्यांचा कळवळा आला. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून बनले आहे. नव्या करारात ते 12 वेळा येते आणि सर्व 12 ठिकाणे पहिल्या तीन शुभवर्तमानांतच, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांतच, आहेत. आपल्याकडेही आतडे तुटते, पोटात कालवते, त्यामुळे ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कळवळा हा शब्द तर वारकरी संतांच्या वाणीतही आहे. मुक्ताईनगरच्या वारीला जाणाऱ्या शेजाऱ्याला तो परका नाही.

या वृत्तीचा सर्वांत बोलका दाखला जुन्या करारात सापडतो (1 राजे 19). एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला धीराच्या गोष्टी सांगत नाही, त्याची चूकही काढत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवून म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्याला झोपू दिले जाते. दुसऱ्यांदा उठवले तेही खाण्यासाठीच. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, होरेब डोंगरावर येतो. खचलेल्या माणसाजवळ कोणत्या क्रमाने जावे, हे यापेक्षा नेमके कुठे सांगितलेले नाही. जुन्या करारातील, सारे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते. ते बोलू लागले आणि तिथून बिघडले.

खानदेशात खुशाली विचारली की अहिराणीत उत्तर येते, ‘बरं शे’. त्यामागे पुष्कळ काही दडलेले असते. कापसाला भाव मिळाला नाही, रावेर-यावलकडे वादळाने उभी केळी आडवी केली, सोसायटीचे कर्ज थकले. नंदुरबार आणि साक्री भागातील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, तेव्हा घरी म्हातारी माणसे उरतात. भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा येतात. वरून जखम दिसत नाही, ताप असेलच असे नाही. मग त्या पोराला कामचुकार म्हणतात. दुखण्यापेक्षा तो शब्द जास्त लागतो, आणि पुढच्या वेळी पोरगा दुखणे लपवतो.

अशा घरी जाण्याच्या रीतीला मंडळीत गृहभेट म्हणतात. पाळक (मंडळीचे धर्मगुरू), त्यांची पत्नी किंवा महिला मंडळातील एकदोघी जातात. चांगल्या भेटीत सुरुवातीला देवाधर्माचे फारसे निघत नाही. घरची बाई ओट्यावर तूर निवडत बसलेली असते. आलेली मावशी सूप आपल्याकडे ओढते आणि खडे वेचू लागते. दोघींची नजर दाण्यांवर असते. नजरेला नजर नसली की बोलणे सोपे जाते. डबा भरेपर्यंत नवऱ्याचे पिणे, थकलेला हप्ता, न लागणारी झोप असे एकेक बाहेर येते. प्रार्थना शेवटी, विचारून आणि थोडक्यात.

रीतीत दोषही शिरले आहेत. रविवारच्या उपासनेत नाव घेऊन प्रार्थनेची विनंती वाचली जाते आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर होते. त्याहून वाईट म्हणजे खचलेल्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणे. हे शास्त्राला धरून नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतःच मित्रांना सांगितले की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, तुम्ही येथे राहा आणि जागे राहा (मत्तय 26:38). त्याने सोबत मागितली, आणि मित्र झोपी गेले.

प्रार्थनेबरोबर दवाखानाही हवा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट माणूस मोकळा होतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे ख्रिस्ती रुग्णालय आहे.

भेट देणाऱ्याने बदल्यात काही मागू नये, धर्मांतरही नाही आणि पुढच्या रविवारची हजेरीही नाही. मयताच्या घरी पहिले काही दिवस गर्दी असते. जाणती पाळकीण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा जाते. नाताळ नेमका ऊसतोडीच्या दिवसांत येतो. ज्या घरातील लेक-सून फडावर आहेत, त्या दारावरून गाण्यांची फेरी तशीच पुढे सरकली, तर आतल्या म्हातारीचा नाताळ तिथेच संपतो. दोन पोरांनी मागे थांबून तिच्या फोनवरून फडावरच्या लेकाला फोन लावून दिला, तर तिला गाणे नसले तरी चालते.