साताऱ्याच्या उपनगरांतलं जड पाणी: पार्श्वभूमी

शाहूपुरी, गोडोली, विलासपूर, खेड या भागांत नव्यानं राहायला आलेल्यांची तक्रार बहुधा पाण्याची असते. तूरडाळ शिजायला कुकरच्या शिट्ट्या वाढल्या, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा खर चढतो. मंगळवार तळ्याच्या आसपासच्या जुन्या पेठांत ही कुरकुर फारशी ऐकू येत नाही. अंतर काही किलोमीटरांचंच आहे, पण पाणी कुठल्या दगडातून आलं आणि त्यात किती काळ मुरलं, हे दोन्हीकडे वेगळं आहे.

जुनं शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी वसलं आणि त्याला पाणी पश्चिमेच्या डोंगरावरून उतारानं मिळालं. यवतेश्वरच्या बाजूचं पाणी खापरी नळांनी आणून हौदांत आणि तळ्यांत सोडत. प्रतापसिंह महाराजांच्या काळात महादरे तलावाची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश अमलात, कासचा तलाव शहरासाठी बांधला गेला. कास शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर आणि बरंच उंचावर आहे, त्यामुळे पाणी पंपाशिवाय खाली येतं. आधी उघड्या पाटानं, नंतर बंद नळानं.

कासच्या पठारावर जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातला चुना आणि मॅग्नेशियम केव्हाच धुऊन गेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. विरघळायला फारसं काही शिल्लक नसल्यानं तिथलं पाणी मऊ असतं. पण मऊ पाणी म्हणजे बिनकटकटीचं पाणी नव्हे. पावसाळ्यात ते लालसर गढूळ होतं, तेव्हा तुरटी वाढवावी लागते. एक मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, खाते. मऊ पाण्यात ती मुळातच कमी. ती संपली की गाळाच्या गुठळ्या धरत नाहीत आणि तुरटी कितीही टाकली तरी पाणी निवळत नाही. अशा वेळी जोडीला चुन्याची निवळी द्यावी लागते. शिवाय असं पाणी जुन्या जीआय पाइपांचा जस्ताचा थर हळूहळू खातं.

शहर वाढलं तशी डोंगरावरच्या पाण्याला नदीची जोड मिळाली. पालिकेची शहापूर योजना उरमोडीवर आहे, उपनगरांना जीवन प्राधिकरणाच्या योजनांतून पाणी मिळू लागलं आणि शाहूपुरीसाठी कण्हेर धरणावरची योजना आली. पण घरं योजनांच्या आधी उभी राहिली. १९७२च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रं महाराष्ट्रभर पोचली होती, त्यामुळे प्लॉट घेतला की आधी बोअर मारायचा ही रीत पडली. नळजोड मिळाल्यावरही बोअर बंद झाले नाहीत. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन या उपनगरांतला बराच भाग पालिकेत आला, पुढे कासच्या बंधाऱ्याची उंचीही वाढली. इमारतींच्या टाक्यांमधली जोडणी मात्र बहुतेक ठिकाणी तशीच राहिली.

बोअरचं पाणी काळ्या कातळातलं, म्हणजे बसाल्टमधलं. पावसाचं पाणी मातीतून खाली जाताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि मुरमातून, भेगांतून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट उचलतं. जितकं सावकाश झिरपेल तितकं जड. काळ्या मातीतली चुनखडी त्यात भर घालते. म्हणून शेजारशेजारच्या दोन बोअरांच्या पाण्यातही फरक पडतो.

खरा घोळ टाकीत होतो. नळ आणि बोअर एकाच हौदात सोडलेले असतात. समजा नळाचं पाणी लिटरला ६० मिलिग्रॅम कठीणतेचं, म्हणजे जडपणाचं, आहे आणि बोअरचं ४००. निम्मं-निम्मं मिसळलं तर २३० होतं. मार्चनंतर नळ कमी येऊन बोअर तीन चतुर्थांश झाला की ३१५. भारतीय मानक आयएस १०५०० स्वीकारार्ह मर्यादा २०० सांगतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. रहिवाशांना वाटतं, पालिकेचं पाणी बिघडलं. त्याहून गंभीर बाब म्हणजे क्लोरीन. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असायला हवं, पण शोषखड्ड्याजवळच्या बोअरचं पाणी त्यात पडलं की ते संपून जातं. म्हणून ऑर्थोटोलिडिनचे (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकून तपासायचं ते गच्चीच्या टाकीखालच्या नळाचं पाणी. रस्त्यावरच्या नळजोडाशी पिवळा रंग आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

टीडीएस मीटरवर विसंबून पाणी शुद्ध करायचं मशीन घेणं ही दुसरी सर्रास चूक. मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो. बसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं असतात; ते पाण्यातलं कॅल्शियम धरून सोडियम सोडतात, त्यामुळे काही खोल बोअरचं पाणी मचूळ लागतं, आकडा मोठा दिसतो, तरी साबणाला फेस छान येतो. कठीणता वेगळीच मोजावी लागते: ५० मिलिलिटर पाणी, १ मिलिलिटर अमोनिया बफर, रंगासाठी चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धरणारं ०.०१ मोलर ईडीटीए थेंबथेंब. लालसर जांभळा रंग निळा झाला की थांबायचं. लागलेले मिलिलिटर गुणिले २० हे उत्तर. मशीनचा विक्रेता विजेच्या दोन सळ्या बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतो, तो रंग सळईच्याच लोखंडाचा असतो.

उकळल्यानं बायकार्बोनेटचा भाग खाली बसतो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. शोषखड्ड्यातून आलेलं नायट्रेट तर उकळून आटवल्यावर वाढतं. गीझर ६० अंशांच्या खाली ठेवला तर कॉइलवर खर कमी बसतो. बसलेला खर काढायला लिटरभर कोमट पाण्यात २५-३० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं.

सगळ्यात स्वस्त उपाय प्लंबिंगचा आहे: गच्चीवर दोन टाक्या, बोअरची वेगळी लाइन फक्त संडास, फरशी आणि गाडी धुण्यासाठी, आणि दोन्ही लाइन जोडणारा कॉक कायमचा काढून टाकायचा. नुसता बंद ठेवलेला कॉक पाणीटंचाईच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी उघडतं. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, घ्यायचाच असेल तर हिशोब आधी करावा. त्यातलं २५ लिटर रेझिन (कठीणता धरून सोडियम सोडणारे दाणे) साधारण सव्वा किलो कठीणता धरतं, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या पाण्याला सुमारे ३,००० लिटर, आणि रेझिन पुन्हा ताजं करायला दर वेळी ३ ते ४ किलो मीठ. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी बागेला घालू नये, सोडियमनं काळी माती चिकट होते. रेझिन धुतलेलं मिठाचं पाणी गटारात सोडावं, शोषखड्ड्यात नाही. तिथून ते त्याच कॉलनीच्या बोअरमध्ये उतरतं.