बेळगावातली कामं रखडतात कुठे? खाती, निगम आणि कंपन्यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एखादं सरकारी काम रखडलं की बोट आधी कंत्राटदाराकडे जातं, मग निधीकडे. काम कुणाच्या हुकमतीखाली चालणार हे मुळात कसं ठरलं होतं, हे क्वचितच कुणी विचारतं.

१८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खातं सुरू झालं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा झाला तो याच घडीच्या कारभारात. प्रत्येक पायरीला वरचा साहेब, प्रत्येक खर्चाला वरची मंजुरी. या रचनेचं मोठं बळ असं, की बांधणारे आणि पुढे दुरुस्ती बघणारे एकाच खात्यातले. त्यामुळे जुने नकाशे आणि जाणकार माणसं हाताशी राहतात. अडचण येते ती काम खात्याबाहेर गेलं की. भूसंपादन महसूलकडे, झाडं वनखात्याकडे, विजेचे खांब आणखी कुणाकडे. या सगळ्यांना जाब विचारणारा एक माणूस कुठेच नसतो.

अशीच अडचण टाळायला अमेरिकी नौदलाने १९५० च्या दशकात पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी नेहमीच्या विभागांना वळसा घालून स्वतंत्र प्रकल्प कार्यालय उघडलं. पुढे विमान आणि अवकाश उद्योगात मॅट्रिक्स रचना रुळली. तिच्यात अभियंत्याला दोन साहेब असतात, एक खात्याचा आणि एक प्रकल्पाचा. दोघांत मतभेद झाला की तो सहसा बढती ज्याच्या हातात आहे त्याचंच ऐकतो.

कर्नाटकात हाच प्रश्न, म्हणजे अभियंता कुणाचं ऐकणार, निगमांच्या रूपाने आला. १९९४ मध्ये कृष्णा भाग्य जल निगम आणि १९९८ मध्ये कर्नाटक नीरावरी निगम स्थापन झाले; मलप्रभा आणि घटप्रभा प्रकल्प नीरावरी निगमाकडे गेले. रोखे काढून पैसा उभा करता यावा, हे त्यामागचं मोठं कारण. निगम नवे असले तरी अभियंते बहुतेक जलसंपदा खात्याचेच, त्यामुळे खात्याच्या सवयीही सोबत आल्या.

स्मार्ट सिटी योजनेच्या जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव होतं. योजनेच्या नियमानुसार कामासाठी वेगळी कंपनी निघाली, तिच्यात राज्य सरकार आणि महानगरपालिका यांचा समान वाटा. पण वीज हेस्कॉमकडे आणि छावणीचा भाग संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, हे चित्र कंपनी निघाल्याने बदलत नाही. त्यांच्याकडून वेळेत काम करून घ्यायला कंपनीच्या व्यवस्थापकाकडे पत्रव्यवहार आणि बैठका, एवढंच साधन उरतं.

योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. कंपनीने केलेले रस्ते आणि दिवे सांभाळायचे ते महानगरपालिकेनेच. म्हणून पालिकेचे अभियंते निविदेच्या टप्प्यापासूनच कामात हवेत, आणि जमिनीखालच्या वाहिन्यांचे नकाशे त्यांच्या हातात पडल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघता कामा नये.