व्हीओटू मॅक्स सगळे विचारतात, थ्रेशोल्ड कोणीच विचारत नाही

हल्ली मनगटावरचं घड्याळसुद्धा व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, आकडा देतं, पण घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही, ते तुमचा वेग आणि हृदयाचे ठोके बघून अंदाज बांधतं. खरी टेस्ट वेगळी. नाकातोंडावर घट्ट मास्क, त्याला जोडलेलं मशीन, आणि ट्रेडमिल किंवा सायकल, जिचा लोड थोडा थोडा वाढवत नेतात, मग साधारण ८ ते १२ मिनिटांत माणूस "बास आता" म्हणतो.

मशीनचा हिशोब तसा सरळ आहे. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के, बाहेर येणाऱ्या हवेत साधारण १६-१७, मिनिटाला किती लिटर हवा आतबाहेर झाली ते माहीत असलं की शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते निघतं. नुसतं बसलेलो असताना हा वापर वजनाच्या किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटरच्या आसपास धरतात, आणि कसलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये तो जास्तीत जास्त ७०-८० पर्यंत जातो. १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल यांनी पळणाऱ्या माणसाचा उच्छ्वास पिशवीत गोळा करून हेच मोजलं, आणि त्यांना दिसलं की एका टप्प्यानंतर वेग वाढवला तरी ऑक्सिजनचा वापर वाढत नाही. हीच ती मॅक्स. गंमत म्हणजे आज टेस्ट देणाऱ्या बऱ्याच जणांमध्ये हा सपाट भाग दिसतच नाही, त्याआधीच पाय किंवा मन हार मानतं. आणि आकडा किलोमागे असल्यामुळे नुसतं वजन उतरलं तरी तो वाढतो, हृदय होतं तसंच असलं तरी!

म्हणून मला विचाराल तर रिपोर्टमधली कामाची गोष्ट म्हणजे थ्रेशोल्ड, म्हणजे व्यायामाचा जोर वाढवताना शरीराचा प्रतिसाद बदलतो तो टप्पा. समजा दोघांची मॅक्स ५० आहे, पण एकाचा वरचा, म्हणजे ज्याच्या पुढे धाप लागते तो दुसरा थ्रेशोल्ड मॅक्सच्या ७० टक्क्यांवर आणि दुसऱ्याचा ८५ वर, तर तासभराच्या रेसमध्ये बहुतेक वेळा दुसराच पुढे असणार, कारण त्या वेगाने तो टिकून राहू शकतो आणि पहिला नाही.

हे थ्रेशोल्ड दोन असतात. हळू व्यायामात रक्तातलं लॅक्टेट (स्नायू साखर वापरतात तेव्हा तयार होणारा पदार्थ) जवळपास बसल्यावेळी असतं तेवढंच राहतं, मग जोर वाढला की ते चढायला लागतं, तो पहिला टप्पा. स्नायूंतून लॅक्टेटबरोबर आम्लही बाहेर येतं, रक्तातलं बायकार्बोनेट ते आवरतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. म्हणजे बोटातून रक्त न काढताही नुसत्या श्वासावरून मशीनला कळतं, कारण आता कार्बन डायऑक्साइडची रेघ ऑक्सिजनच्या रेघेपेक्षा जास्त चढी होते. आणखी जोर लावला की बायकार्बोनेट पुरं पडत नाही, आम्लता वाढते आणि धाप लागते, हा दुसरा. पूर्वी सरसकट रक्ताच्या लिटरमागे ४ मिलिमोल लॅक्टेट म्हणजे दुसरा थ्रेशोल्ड असं धरायचे, पण माणसागणिक हा आकडा बराच बदलतो.

लॅक्टेटला उगाच शिव्या पडतात हेही सांगतो. ते कचरा नाहीये, हृदय आणि काही स्नायू ते चक्क इंधन म्हणून जाळतात, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचा दोष तर त्याच्यावर अजिबात टाकू नका, व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात ते पहिल्या पातळीला आलेलं असतं.

जिममधल्या चार्टवरचे झोन, म्हणजे व्यायामाच्या जोराप्रमाणे पाडलेले ठोक्यांचे पट्टे, बहुतेक वेळा जास्तीत जास्त ठोक्यांच्या २२० वजा वय या सूत्रावरून काढलेले असतात. हे सूत्र सरासरीला ठीक, पण एकट्यादुकट्या माणसात १०-१२ ठोक्यांची चूक अगदी सहज होते, आणि त्यावर परत ठरावीक टक्के लावायचे म्हणजे तुमचा झोन दोन बसलाय भलतीकडेच.

लॅब परवडत नसेल तर बोलून बघा, खरंच. व्यायाम करता करता चार-पाच वाक्यं मोठ्याने म्हणायची, दर दोन-तीन मिनिटांनी जोर वाढवायचा. आरामात बोलता येतंय तोवर तुम्ही पहिल्या थ्रेशोल्डच्या खाली आहात, "येतंय, पण नीट नाही" असं वाटायला लागलं की साधारण त्याच्यावर आलात, आणि दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे दुसरा जवळ आला किंवा मागे पडला. त्या क्षणीचे ठोके लिहून ठेवा. हृदयाचा काही त्रास असेल तर मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनाने नको, तिथे ईसीजी लावून डॉक्टरांसमोरच टेस्ट करतात.