जुन्या गृहसंगणकाचे अद्ययावतीकरण आणि सॉफ्टवेअर सुसंगतता

जुन्या गृहसंगणकाची मेमरी, प्रोसेसर, रॉम (कायमचे प्रोग्रॅम साठवलेली चिप) किंवा साठवणीची साधने बदलून त्याची क्षमता वाढवणे आणि त्यानंतर त्या यंत्रासाठी पूर्वी लिहिलेले प्रोग्रॅम नीट चालतात का हे पडताळणे, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. ॲपल टू (१९७७), बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ (दोन्ही १९८२), एमएसएक्स (१९८३), अटारी एसटी (१९८५) आणि अमिगा ५०० (१९८७) ही यंत्रे यात प्रामुख्याने येतात. सुटे भाग बसवण्याचे काम बहुधा थोड्या वेळात उरकते. वेळ जातो तो पडताळणीत.

या अडचणीचे मूळ त्या काळच्या प्रोग्रॅमलेखनाच्या पद्धतीत आहे. एका नमुन्याची सगळी यंत्रे सारखीच असत, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून थेट चिपशी व्यवहार करत आणि प्रत्येक सूचनेला किती क्लॉक सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात याचा हिशेब मांडून पडद्यावरील परिणाम साधत. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या कमोडोर ६४ मध्ये पडद्याची एक ओळ ६३ सायकलींत पूर्ण होते, तर एनटीएससी या दुसऱ्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या यंत्रात बहुधा ६५ सायकली लागतात. एवढ्याशा फरकानेही एका प्रदेशातील खेळ दुसऱ्या प्रदेशातील यंत्रावर विस्कटतो, आणि तेही कोणताही भाग बदललेला नसताना. बीबीसी मायक्रोच्या निर्मात्यांनी मात्र ऑपरेटिंग सिस्टिममार्फतच काम करण्याचा आग्रह धरला होता. परिणामी ‘ट्यूब’ या जोडणीतून दुसरा प्रोसेसर लावल्यावर तो आग्रह पाळणारे प्रोग्रॅम सहसा चालत राहिले आणि पडद्याच्या मेमरीत परस्पर लिहिणारे अडले.

मेमरी वाढवणे हा त्यातल्या त्यात निर्धोक बदल होय. १६ केबीच्या स्पेक्ट्रमचे ४८ केबीत रूपांतर करताना वरची ३२ केबी मेमरी नव्याने भरली जाते आणि मूळ १६ केबीला धक्का लागत नाही, त्यामुळे जुने प्रोग्रॅम क्वचितच बिघडतात. अमिगाची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात ‘चिप’ मेमरी आणि ‘फास्ट’ मेमरी असा भेद असून चित्र व ध्वनी हाताळणाऱ्या खास चिपांना फक्त पहिलीच दिसते. अमिगा ५०० च्या तळाच्या झडपेतून बसणारा ५१२ केबीचा बोर्ड लावला की, मिळेल ती मेमरी चित्रांसाठी चालेल असे गृहीत धरणारा खेळ आपली चित्रे अशा जागी ठेवतो जिथे त्या चिपा पोहोचूच शकत नाहीत, आणि पडद्यावर कचरा दिसू लागतो. अशा काही बोर्डांवर मेमरी बंद करण्याचा स्विच असे, तो याच कारणासाठी.

प्रोसेसर बदलल्यावर गुंतागुंत सर्वाधिक वाढते. ॲपल टू मधील मूळ ६५०२ प्रोसेसरमध्ये कोणत्याही पुस्तिकेत न नोंदलेल्या, तरीही प्रत्यक्षात चालणाऱ्या सूचना होत्या व काही प्रोग्रॅम त्या सर्रास वापरत. सुधारित ६५सी०२ मध्ये त्या उरल्या नाहीत. १९८५ च्या सुधारित ॲपल टू-ई मध्ये हाच प्रोसेसर आल्याने अशा प्रोग्रॅमांची पंचाईत झाली. ॲपल टू ची डिस्क ड्राइव्ह तर प्रोसेसरच्या वेगावरच अवलंबून असते, कारण डिस्कवरील बिट वाचण्या-लिहिण्याचा ताल सॉफ्टवेअर सांभाळते. म्हणूनच वेगवर्धक कार्डाला डिस्क वापरताना मूळच्या सुमारे १ मेगाहर्ट्‌झवर यावे लागते.

अमिगा व अटारी एसटी मधील मोटोरोला ६८००० या प्रोसेसरच्या घराण्यातही असेच घडले. या प्रोसेसरचा मेमरीचा पत्ता बाहेर २४ बिटांचाच जातो, त्यामुळे ३२ बिटांच्या रजिस्टरमधील वरचे ८ बिट मोकळे आहेत असे समजून काहींनी त्यांत स्वतःची माहिती ठेवली. पूर्ण ३२ बिट वाचणाऱ्या ६८०३० वर तोच पत्ता भलतीकडे नेतो. ६८०१० पासून स्टेटस रजिस्टर वाचणारी एक सूचना सामान्य प्रोग्रॅमांना निषिद्ध झाली आणि ६८०२० पासून आलेल्या सूचना-कॅशमुळे (नुकत्याच वाचलेल्या सूचनांची प्रत ठेवणाऱ्या जलद मेमरीमुळे) स्वतःचाच कोड बदलणारे प्रोग्रॅम शिळ्या सूचना चालवू लागले. वेग वाढल्याने आणखी एक दोष उघड होतो: चित्रे हलवणाऱ्या ‘ब्लिटर’ चिपचे काम संपले का, हे न तपासणारा खेळ ७ मेगाहर्ट्‌झवर निभावून जातो, पण जलद प्रोसेसर ब्लिटरच्या पुढे धावतो आणि चित्रे तुटतात. हा दोष प्रोग्रॅमचा, पण बोल मात्र नव्या कार्डाला लागतो.

रॉम बदलाचे ठळक उदाहरण १९९१ च्या अमिगा ५०० प्लसचे आहे. तिच्यातील किकस्टार्ट या सिस्टिम-रॉमच्या २.०४ आवृत्तीवर जुन्या १.३ आवृत्तीसाठी लिहिलेले अनेक खेळ चालेनात. तेव्हा जुनी व नवी अशा दोन्ही रॉम बसवून हवी ती स्विचने निवडण्याची युक्ती रूढ झाली. बदल उलटवता येण्याची अशी सोय ठेवणे हाच या क्षेत्रातील सर्वांत शहाणपणाचा नियम मानावा लागेल.

साठवणीच्या नव्या साधनांत फसगत लवकर होते. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर व २ केबी मेमरी असते, आणि जलद लोडिंगसाठी खेळ आपला कोड ड्राइव्हमध्येच पाठवून तिथे चालवतात. एसडी कार्ड वाचणारी साधी साधने अशी संपूर्ण ड्राइव्ह उभी करत नाहीत. त्यांवर एका फाइलचे प्रोग्रॅम निमूट चालतात, पण ज्या खेळाच्या लोडरची (खेळ मेमरीत आणणाऱ्या कोडची) पद्धत त्यांना माहीत नाही तो खेळ लोडिंगमध्येच अडकतो. ड्राइव्हचे सायकलगणिक अनुकरण करणारी साधने ही उणीव भरून काढतात.

चाचणीपूर्वी यंत्र विद्युतदृष्ट्या निरोगी हवे. कमोडोर ६४ चा जुना वीजपुरवठा बिघडून ५ व्होल्टची पातळी चढली तर मेमरी चिपा जळतात; अमिगा १२०० मधील कपॅसिटर गळतात, आणि ५०० प्लसच्या बोर्डावरील बॅटरीचा द्राव तांब्याच्या रेषा खातो. हे तपासण्यासाठी अमिगावर डायगरॉम ही निदान करणारी रॉम, तर कमोडोर ६४ वर डेड टेस्ट कार्ट्रिज वापरतात. पडदा काळाच राहिला तरी हे कार्ट्रिज पडद्याच्या लखलखाटांच्या संख्येवरून सदोष मेमरी चिप दाखवते.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर तोच ठरलेला संच चालवायचा. या संचात ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादेत राहणारे उपयुक्त प्रोग्रॅम, डिस्कवरून थेट सुरू होणारे खेळ आणि चिपांची परीक्षा पाहणारे डेमो (चित्र-ध्वनीची करामत दाखवणारे प्रोग्रॅम) असे तिन्ही प्रकार असावेत. पहिल्याच प्रकारावर विसंबून दिलेला निर्वाळा फारसा कामाचा नसतो. प्रोग्रॅम नेमका कुठे बंद पडतो हे पाहणे महत्त्वाचे ठरते. दर वेळी एकाच जागी अडत असेल तर विसंगतीचा संशय बळावतो. कधी इथे, कधी तिथे किंवा यंत्र तापल्यावर अडत असेल तर सैल सॉकेट, कमजोर वीजपुरवठा किंवा सदोष मेमरी आधी तपासावी. व्हाइस (कमोडोरसाठी) किंवा विनयूएई (अमिगासाठी) यांसारख्या, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये तीच रचना उभारून तोच प्रोग्रॅम चालवला की निदान अधिक पक्के होते, कारण तिथेही तो पडला तर सोल्डरिंगला दोष देण्यात अर्थ नाही. नक्कल रोखणारे संरक्षण तोडलेल्या प्रती मात्र संचात घेऊ नयेत. त्यांत कोणी काय बदलले आहे हे कळत नाही, आणि बिघाड त्या फेरफारातूनही आलेला असू शकतो.

विसंगती सिद्ध झाल्यावर यंत्र मूळ अवस्थेत नेणे किंवा प्रोग्रॅम दुरुस्त करणे असे दोन मार्ग उरतात. अमिगावरील डब्ल्यूएचडीलोड हा प्रोग्रॅम दुसऱ्या मार्गाने जातो: प्रत्येक खेळासाठी स्वतंत्रपणे लिहिलेला छोटा कोड त्या खेळाचे मेमरी, कॅश व डिस्कविषयीचे चुकीचे समज दुरुस्त करतो आणि मूळ फ्लॉपीचा खेळ हार्ड डिस्कवरून चालतो. ज्या खेळासाठी असा कोड कोणी लिहिलेला नाही, त्यासाठी स्विच मागे फिरवून जुनी रॉम आणि मूळ प्रोसेसर वापरणे एवढेच हाती राहते.